युरोपातून परतताना व्हॅट परत कसा मिळवायचा? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या नात्यात कोणीही युरोपला निघालं की आदल्या रात्री मला फोन येतो. प्रश्न ठरलेले असतात: ते टॅक्सचे पैसे परत मिळतात म्हणे, खरं का? किती मिळतात? कुठे मागायचे? तेच तेच सांगून झाल्यावर उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

हे म्हणजे विमानतळावरचं ड्यूटी फ्रीच ना?

नाही. ड्यूटी फ्री दुकानात कर आधीच वगळलेला असतो. इथे तुम्ही गावातल्या साध्या दुकानात कर भरून वस्तू घेता, ती युरोपबाहेर नेताय हे कस्टम्सला दाखवता आणि भरलेल्या करातला काही भाग परत मिळवता. हा कर म्हणजे व्हॅट, आपल्या जीएसटीचा युरोपातला भाऊ. तिथे छापील किमतीतच तो धरलेला असतो, त्यामुळे आपण तो भरतोय हे लक्षातही येत नाही. जर्मनीत दर १९ टक्के, फ्रान्स आणि ऑस्ट्रियात २०, स्पेन, नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २१, इटलीत २२, हंगेरीत तर २७.

माझा पासपोर्ट भारतीय आहे, म्हणजे मला मिळणारच?

पासपोर्ट कुठला, यापेक्षा तुम्ही राहता कुठे हे बघतात. पुण्यात राहणाऱ्या माणसाला मिळतो. जर्मनीत नोकरी करणाऱ्या त्याच्या मुलीला मिळत नाही, तिचा पासपोर्ट भारतीय असला तरी, कारण तिचं राहण्याचं ठिकाण युरोपीय संघात आहे. मास्टर्स करायला गेलेल्या मुलांनाही साधारणपणे हेच लागू. फ्रान्समध्ये आणखी दोन अटी आहेत: वय १६ च्या वर हवं आणि फ्रान्समधला मुक्काम सहा महिन्यांपेक्षा कमी हवा.

मुलांकडे गेलेले आईवडील इथेच गडबड करतात. खरेदीला लेक बरोबर असते, तिला तिथली भाषा येते, दुकानदाराशी तीच बोलते आणि परताव्यासाठी दुकानदार जो फॉर्म करून देतो त्यावर स्वतःचं नाव घालून मोकळी होते. फॉर्म आईच्या किंवा बाबांच्या नावानेच हवा आणि ती वस्तू त्याच माणसाच्या सामानातून बाहेर गेली पाहिजे. नवरा-बायको असाल तर एका दुकानातली सगळी बिलं एकाच्याच पासपोर्टवर घ्या. दोन नावांची बिलं एकत्र होत नाहीत.

लंडनमध्ये खरेदी केली तर?

विसरा. ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून ही योजना बंद केली. दुकानदाराने वस्तू थेट तुमच्या भारतातल्या पत्त्यावर पाठवली तर गोष्ट वेगळी, आणि उत्तर आयर्लंडमध्ये योजना अजून आहे. पण ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून पिशवी हातात घेऊन निघालात तर कर गेला तो गेला. बऱ्याच ग्रुप टूर लंडनलाच सुरू होतात आणि पहिल्या दोन दिवसांत माणूस उत्साहात असतो. हात आवरा, पॅरिस पुढे आहेच.

किती रुपयांची खरेदी लागते?

प्रत्येक देशाची किमान रक्कम वेगळी आहे. युरोपीय संघाचा नियम एवढाच की ही रक्कम १७५ युरोच्या वर ठेवता येत नाही. फ्रान्समध्ये १०० युरोच्या वर खरेदी लागते, जर्मनीत ५० च्या वर, नेदरलँड्समध्ये ५०, ऑस्ट्रियात ७५ च्या वर. इटलीत पूर्वी १५४.९४ युरो असा विचित्र आकडा होता, तो फेब्रुवारी २०२४ मध्ये ७० वर आला. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत तो जुना आकडा अजून सापडतो, गोंधळू नका. स्पेनने २०१८ मध्ये किमान रक्कमच काढून टाकली. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्याचा हिशोब वेगळा: ३०० फ्रँक.

ही रक्कम एका दुकानातल्या खरेदीची असते. पाच दुकानांत तीस-तीस युरोंची अत्तरं घेतलीत तर दीडशे युरो खर्च होऊनही हाती काही लागणार नाही. तीच एका दुकानात घेतली असती तर फॉर्म मिळाला असता. भेटवस्तूंची यादी घरूनच करून न्या आणि जमेल तेवढं एका छताखाली उरका, हा माझा सगळ्यांना पहिला सल्ला असतो.

वीस टक्के कर आहे, म्हणजे वीस टक्के परत?

इथे सगळ्यांचा हिरमोड होतो. पॅरिसमध्ये ६०० युरोची पर्स घेतली असं धरा. २० टक्के कर मूळ किमतीवर आहे आणि ६०० मध्ये तो आधीच मिसळलेला आहे. मूळ किंमत ५००, कर १००. म्हणजे छापील किमतीच्या पावणेसतरा टक्केही भरत नाहीत. हे शंभरही पूर्ण मिळत नाहीत. दुकानं सहसा हे काम ग्लोबल ब्लू किंवा प्लॅनेट अशा मध्यस्थ कंपन्यांकडे देतात आणि त्या आपला वाटा कापून घेतात. फ्रान्समध्ये बऱ्याच दुकानांत हाती १२ टक्क्यांच्या आसपास येतात, म्हणजे ६०० च्या पर्सवर ७२ युरो.

खरेदी लहान असेल तर कपात आणखी बोचते. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमध्ये २५० युरोचं कुकू क्लॉक घेतलं तर त्यात कर जवळपास ४० युरो, पण हाती पंचवीस-तीस आले तरी चांगलं म्हणायचं. फॉर्मवर परताव्याची रक्कम छापलेली असते. दुकानातून निघण्याआधी ती वाचा आणि तेवढ्यासाठी विमानतळावर तासभर रांगेत उभं राहायचं का, हे तिथेच ठरवा. मी स्वतः पंधरा युरोच्या आतला फॉर्म करायला बसत नाही.

दुकानात नेमकं काय मागायचं?

“टॅक्स फ्री” म्हटलं की सगळीकडे कळतं. फ्रान्समध्ये “देताक्स” म्हणतात. पैसे देण्याआधी विचारा, कारण बऱ्याच देशांत दुकानाला ही सेवा देण्याची सक्ती नसते आणि बिल झाल्यावर काही जण हात वर करतात. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. फोनमधला फोटो काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी नाही.

फॉर्म हातात आला की पासपोर्ट क्रमांक, नावाचं स्पेलिंग आणि राहण्याचा देश तपासा. आपली तीन शब्दांची नावं तिथल्या संगणकाला झेपत नाहीत, वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं. चूक दुकानातच दुरुस्त होते, विमानतळावर नाही. मूळ बिल फॉर्मला जोडून एका पाकिटात ठेवा. थर्मल कागदावरची शाई पर्समध्ये घासून उडते, म्हणून दोन्हींचा फोटो काढून ठेवा.

विमानतळावर आधी काय, नंतर काय?

आधी कस्टम्स, मग सामान. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हा क्रम मात्र विसरू नका.

हे मी पैसे घालवून शिकलो. एका मोठ्या विमानतळावर आम्ही शहाण्यासारखे चार तास आधी पोचलो. बॅगा काउंटरवर दिल्या, बोर्डिंग पास घेतले, हात मोकळे करून निवांत कस्टम्सच्या खिडकीशी गेलो. तिथल्या बाईंनी फॉर्म उलटून पाहिला, बिल पाहिलं आणि म्हणाल्या, “घड्याळ दाखवा.” घड्याळ तेव्हा पट्ट्यावरून खाली गेलं होतं, बायकोच्या स्वेटरांमध्ये गुंडाळून. त्यांनी फॉर्म शांतपणे परत दिला. तो अजून माझ्या कपाटात आहे, कोरा.

तेव्हा बॅग देण्यापूर्वी कस्टम्सच्या खिडकीकडे जा आणि फॉर्मवर त्यांचा शिक्का घ्या. पाटीवर फ्रान्स आणि नेदरलँड्समध्ये “दुआन” लिहिलेलं असतं, जर्मनी आणि ऑस्ट्रियात “त्सोल”, इटलीत “दोगाना”, स्पेनमध्ये “अदुआना”. पासपोर्ट, विमानाचं तिकीट, फॉर्म, बिल आणि वस्तू सोबत हवी. घेतलेल्या वस्तू बॅगेत अगदी वर ठेवा. अधिकारी प्रत्येक वेळी बॅग उघडायला लावत नाहीत, पण लावली तर मागे रांग असताना भडंगाचे डबे आणि मळके कपडे बाहेर काढत बसणं काही बरं दिसत नाही.

जर्मनीत मोठ्या विमानतळांवर पद्धत थोडी निराळी. तिथे आधी विमान कंपनीच्या काउंटरवर जाऊन सांगायचं की या बॅगेत टॅक्स फ्रीचं सामान आहे. ते वजन करून टॅग लावतात आणि बॅग तुम्हालाच परत देतात. मग ती ओढत कस्टम्सकडे न्यायची, शिक्का झाला की बॅग तिथूनच पुढे जाते. काउंटरवर सांगायला विसरलात तर बॅग नेहमीसारखी पट्ट्यावर जाते आणि मग माझ्यासारखी गत होते.

फ्रान्समध्ये यंत्रं आहेत, त्या व्यवस्थेला पाब्लो म्हणतात. फॉर्मवरचा बारकोड यंत्रासमोर धरायचा. हिरवी खूण आली की काम झालं, टपालानेही काही पाठवायचं नाही. लाल आली तर वस्तू घेऊन अधिकाऱ्याकडे जायचं. स्पेनमध्ये अशीच दिवा नावाची यंत्रं आहेत. मात्र पाब्लोला फक्त फ्रान्समधले फॉर्म कळतात. जर्मनीचा किंवा इटलीचा फॉर्म घेऊन पॅरिसहून उडत असाल तर खिडकीवर जाऊन शिक्काच घ्यावा लागतो.

अत्तरं, क्रीम, शाम्पू अशा १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटल्या बहुतेक विमानतळांवर हातातल्या बॅगेत चालत नाहीत, त्या मोठ्या बॅगेतच जाणार. म्हणून पॅरिसच्या फार्मसीतून भरभरून क्रीम घेणाऱ्यांनी तर हा क्रम मुळीच चुकवू नये. वेळ किती ठेवावा? मे-जूनच्या गर्दीत मी उड्डाणाआधी साडेतीन-चार तास ठेवतो.

आम्ही दुबईमार्गे येतोय. फ्रँकफर्टला विमान बदललं तर? शिक्का कुठे?

युरोपीय संघातून ज्या ठिकाणाहून बाहेर पडता तिथे. देश तीन असोत की सात, सगळे फॉर्म शेवटच्या विमानतळावर एकदम दाखवायचे. बेल्जियममध्ये घेतलेल्या वस्तूसाठी बेल्जियममध्येच शिक्का घ्यायची गरज नाही.

पॅरिस–दुबई–मुंबई असेल तर शिक्का पॅरिसला. दोहा, अबुधाबी, इस्तंबूल, सगळीकडे हेच. पॅरिस–फ्रँकफर्ट–मुंबई असेल तर वस्तू कुठे आहे ते बघा. मोठी बॅग पॅरिसहूनच थेट मुंबईसाठी दिली असेल तर त्यातल्या वस्तूंचं काम पॅरिसला, कारण फ्रँकफर्टला ती बॅग तुमच्या हाती येणारच नाही. हातातल्या बॅगेतल्या वस्तूंचं काम फ्रँकफर्टला.

फसायला होतं ते झुरिकला. पॅरिस–झुरिक–मुंबई हा सोयीचा मार्ग आहे आणि स्वित्झर्लंड शेंगेन व्हिसात (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसात) येतं, त्यामुळे लोकांना वाटतं शिक्का तिथे घेऊ. व्हिसा एक, कराची हद्द दुसरी. झुरिकला उतरलात म्हणजे युरोपीय संघाबाहेर पडलात. लंडनमार्गे येणाऱ्यांचंही तेच.

मुदतही लक्षात ठेवा: खरेदीचा महिना संपल्यावर पुढचे तीन महिने. १० मे रोजी घेतलेली वस्तू ३१ ऑगस्टपर्यंत बाहेर गेली पाहिजे. मुलाकडे लांब मुक्कामाला गेलेल्या आजी-आजोबांनी मोठी खरेदी पहिल्या आठवड्यात न करता शेवटी करावी.

ग्रुप टूरमध्ये बस तर थांबतच नाही. स्विस घड्याळाचं काय?

नेहमीच्या टूरचा रस्ता साधारण असा असतो: पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, ब्लॅक फॉरेस्ट, स्वित्झर्लंड, मग ऑस्ट्रियात इन्सब्रुकजवळ वाटेन्सचं स्फटिकांसाठी प्रसिद्ध स्वारोव्हस्की, शेवटी व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. रोमहून उडणार असाल तर फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटली सगळ्यांचे फॉर्म रोमला एकत्र दाखवता येतात.

स्वित्झर्लंडचा फॉर्म मात्र रोमला चालत नाही. स्वित्झर्लंडमधून बाहेर पडताना त्यांच्या कस्टम्सचा शिक्का हवा आणि वस्तू ९० दिवसांत बाहेर गेली पाहिजे. लिकटेन्स्टाइनला फाडूझमध्ये बस अर्धा तास थांबते, पण तो देश स्वित्झर्लंडच्याच कस्टम्स हद्दीत आहे. खरी सीमा त्यापुढे, ऑस्ट्रियात शिरताना. तिथे बस आपणहून थांबत नाही. ल्युसर्नला घड्याळ घेतलंत तर त्याच संध्याकाळी टूर मॅनेजरला सांगा की उद्या सीमेवर दहा मिनिटं लागतील. बसमधल्या आणखी चौघांनी घड्याळं घेतलेली असतातच. त्यांना बरोबर घेतलंत तर मॅनेजर नाही म्हणत नाही.

मात्र दर आधी बघा. स्विस व्हॅट ८.१ टक्के आहे. १००० फ्रँकच्या घड्याळात कर जेमतेम ७५ फ्रँक, त्यातून कंपनीचा वाटा जाणार.

चॉकलेटं? हॉटेल? रेल्वेचं तिकीट?

हॉटेल, जेवण, तिकिटं, भाड्याची गाडी यांवर काही मिळत नाही. तिथेच उपभोगलेली सेवा बाहेर नेणार कशी? चॉकलेटं नियमात बसतात, पण स्वित्झर्लंडमध्ये खाद्यपदार्थांवरचा कर २.६ टक्केच आहे. ३०० फ्रँकची चॉकलेटं घेतलीत तरी त्यात कर साडेसात फ्रँकच्या आसपास. जर्मनीत पुस्तकांवर ७ टक्के, फ्रान्समध्ये साडेपाच. या गोष्टींसाठी फॉर्मच्या मागे लागू नका. परतावा जमतो तो पर्स, घड्याळं, कपडे, सौंदर्यप्रसाधनं, स्फटिकाच्या वस्तू आणि इलेक्ट्रॉनिक्सवर.

नवा कोट तिथेच घातला तर चालेल?

थंडी वाजत असेल तर घाला, पण मग परताव्याची आशा सोडा. वस्तू न वापरलेली असावी अशी अपेक्षा असते. लेबल आणि खोकं जपून ठेवा.

रोख घ्यावेत की कार्डावर?

कार्डावर. रोखीला बहुधा वेगळं शुल्क पडतं, शिवाय विमानतळावरची दुसरी रांग. आणि काउंटरवर “रुपयांत देऊ का?” असं गोड विचारलं तर नको म्हणा. तिथला रुपयाचा भाव त्यांच्या सोयीचा असतो. फॉरेक्स प्रीपेड कार्ड देऊ नका. परत आल्यावर आपण ते बंद करतो आणि पैसे अधांतरी राहतात. नेहमीचं क्रेडिट कार्ड सगळ्यात बरं.

शहरातच लगेच पैसे देतो म्हणाले. घेऊ का?

मोठ्या दुकानांत अशी खिडकी असते. पैसे देताना ते तुमच्या क्रेडिट कार्डाचा क्रमांक हमी म्हणून घेतात. विमानतळावर शिक्का झाला नाही किंवा फॉर्म ठरलेल्या दिवसांत पोचला नाही तर दिलेली रक्कम दंडासकट कार्डावरून वसूल होते. थोडक्यात, हे उसने पैसे आहेत. शिक्क्यातून सुटका नाहीच.

शिक्का राहूनच गेला. मुंबईत आल्यावर काही करता येईल?

अगदी अपवाद म्हणून काही देशांचे दूतावास वस्तू पाहून दाखला देतात, जर्मनीचे देतात. त्याचं शुल्क लागतं, अपॉइंटमेंट लागते आणि तिथे का जमलं नाही याचं कारण द्यावं लागतं. पर्स हजारो युरोची असेल तर खटपट करा. घड्याळासाठी मी केली नाही.

मुंबईत उतरल्यावर आपलं कस्टम्स विचारेल का?

हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि खरी रक्कम इथेच असते. परदेशातून आणलेल्या सामानाच्या ठरावीक किमतीपर्यंत ड्यूटी नाही, त्यावर आहे. २०१६ च्या बॅगेज नियमांत युरोपातून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला ही सूट ५०,००० रुपयांची होती आणि वरच्या रकमेवर अधिभारासकट ३८.५ टक्के. युरो शंभर रुपयांचा धरून बघा. १५०० युरोची पर्स म्हणजे दीड लाख. या हिशोबाने वरच्या एक लाखावर ३८,५०० रुपये ड्यूटी. पॅरिसला १२ टक्क्यांनी मिळाले १८,०००. म्हणजे “टॅक्स वाचतो” म्हणून घेतलेली पर्स वीस हजारांनी महागच पडली. हे आकडे अर्थसंकल्पाबरोबर हलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात सीबीआयसीच्या (केंद्र सरकारच्या अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या) संकेतस्थळावर चालू मर्यादा बघून घ्या.

कुटुंबातल्या सगळ्यांची सूट एका वस्तूवर एकत्र करता येत नाही. चौघं आलो म्हणून एका पर्सला चौपट सूट, असं नसतं. मर्यादेपेक्षा जास्त असेल तर सरळ लाल मार्गाने, म्हणजे ड्यूटी लागणारं सामान असलेल्यांच्या रांगेतून जा. फॉर्म आणि बिल तुमच्याच पाकिटात आहे, त्यावर किंमत छापलेली आहे.

पैसे कधी येतात? आलेच नाहीत तर?

कार्डावर काही आठवडे लागतात, महिना-दोन महिने धरून चाला. शिक्क्याचा कागदी फॉर्म असेल तर तो कंपनीच्या पाकिटात घालून विमानतळावरच्या पेटीत टाकायचा असतो. टाकण्याआधी शिक्क्यासकट फोटो काढा. फॉर्मवर एक लांबलचक क्रमांक असतो, तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की फॉर्म कुठवर आला ते दिसतं. आमच्या मावशीचे तीन महिने आले नव्हते. फोटो पाठवल्यावर दहा दिवसांत आले. ४१ युरो.